नाट्यमंडळातल्या गेलेल्या माणसांची स्मरणवही आणि स्मरणाची संध्याकाळ

इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीवर साठ-सत्तरच्या दशकांत कामे केलेली बरीच माणसे आता नाहीत. कोणत्या नाटकात कोणी काय केले, ही माहितीही त्यांच्याबरोबर जात आहे. बाबा डिके, राहुल बारपुते ही नावे राहतील. ती छापली गेली आहेत, बोलली जातात. विंगेत टॉर्च घेऊन प्रत धरणारा प्रॉम्प्टर, मांजरपाटाचे फ्लॅट (देखाव्याच्या चौकटी) ताणून रंगवणारा, दिवे मंद-प्रखर करणारे मिठाच्या पाण्याचे डिमर सांभाळणारा, क्रेपच्या दाढ्या स्पिरिट गमने चिकटवणारा, रामबागेत घरोघर तिकिटे खपवणाऱ्या काकू, यांची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी नाही. म्हणून हॉल बुक करण्याआधी वही करायला घ्यावी. वहीशिवाय केलेल्या कार्यक्रमात त्याच पाच-सहा नावांवर भाषणे होतात, आणि बाकीच्यांची घरची मंडळी गप्प बसून परत जातात.

वही

शिवलेल्या बांधणीचे, जाड पुठ्ठ्याचे, फुलस्केप आकाराचे दोनशे पानी रजिस्टर घ्या. स्पायरलची वही नको, तिची पाने सुटतात. एका माणसाला समोरासमोरची दोन पाने द्या. डाव्या पानावर माणसाची माहिती, उजव्यावर कामांची यादी. सुरुवातीला पान अर्धे रिकामे दिसेल, तसेच राहू द्या. नंतर भर पडतेच. तीच माहिती संगणकावर एक्सेलमध्येही ठेवा, म्हणजे तारखेप्रमाणे किंवा नाटकाप्रमाणे लावता येते. पण मूळ कागदावरच असावे. ऐंशी वर्षांचे आजोबा वही मांडीवर घेऊन “हे चुकलंय, त्या प्रयोगाला तो नव्हता” असे सांगतात, स्क्रीनसमोर बसवले तर सांगत नाहीत.

डाव्या पानावर पूर्ण नाव, मंडळीत ज्या नावाने हाक मारत ते नाव (अण्णा, बंडू, ताई), स्त्रियांचे माहेरचे नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख, मृत्यूची तिथी, आणि पोटापाण्याचा व्यवसाय. व्यवसाय लिहायला विसरू नका. गिरणी, शाळा, बँक, दवाखाना सांभाळून रात्री तालमीला येणारी ही माणसे होती. त्यांच्या कामाची किंमत त्याशिवाय कळत नाही. उजव्या पानावर प्रत्येक नाटकासाठी एक ओळ: नाटक, भूमिका किंवा जबाबदारी, संस्था, वर्ष, प्रयोगाची जागा, आणि शेवटी “कोणी सांगितले, कधी सांगितले”. हा शेवटचा रकाना सगळ्यांत जास्त गाळला जातो आणि पुढे सगळ्यांत जास्त लागतो. घरच्यांचे फोन आणि पत्ते वहीत लिहू नका. वही चारचौघांच्या हातात जाणार; पत्ते वेगळ्या कागदावर, एकाच माणसाकडे.

छापील पुरावा असेल किंवा दोन जणांनी वेगवेगळे बसून तेच सांगितले असेल, तर नोंद शाईने लिहा. एकाच्याच आठवणीवर असेल तर पेन्सिलने. “एकत्र बसून दोघांनी सांगितले” याला दोन पुरावे धरू नये. एक बोलतो, दुसरा मान डोलावतो, आणि मग दोघांचीही तीच आठवण होते.

माणूस “आपल्या” मंडळाचा होता का, हा वाद निघतोच. इंदुरात एकच नट एका संस्थेत नायक, दुसरीत पाहुणा आणि तिसरीत नेपथ्याला, असे सर्रास चालत आले आहे. नियम सोपा ठेवा: आपल्या एका नाटकात काम केले असेल तर नाव वहीत येणार. भांडून निघून गेलेल्यांचेही.

नावांचा आणि तारखांचा घोळ

इंदूरमध्ये या कामाला दोन खास अडचणी आहेत, त्या आधी कळल्या तर महिने वाचतात.

पहिली नावाची. जुन्या प्रयोगांच्या बातम्या शोधायच्या म्हणजे हिंदी दैनिकांच्या फायली चाळायच्या. १९४७ पासून निघणाऱ्या ‘नई दुनिया’सारख्या वर्तमानपत्रांत मराठी नावे हिंदी पद्धतीने छापली जात. ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून काळे ‘काले’ म्हणून आणि गोळे ‘गोले’ म्हणून सापडतात. ‘देशपांडे’चे ‘देशपाण्डे’ होते. स्त्रियांची नावे ‘श्रीमती’ आणि आडनाव एवढीच येतात, किंवा एका वर्षी माहेरच्या नावाने आणि पुढच्या वर्षी सासरच्या. प्रत्येकाच्या पानावर “हिंदीत असे छापले” म्हणून ही रूपे लिहून ठेवा. नाहीतर एकाच बाईंच्या दोन नोंदी होतात, किंवा दोन काळ्यांची एक.

दुसरी तिथीची. मराठी घरांत महिना अमावस्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असते, पण वद्य पक्षात हिंदी पंचांग एक महिना पुढे असते. आपली भाद्रपद वद्य पंचमी ही तिकडे आश्विन कृष्ण पंचमी. घरच्यांनी तिथी सांगितली की “आपल्या कॅलेंडरप्रमाणे की इथल्या पंचांगाप्रमाणे?” हे विचाराच, आणि शेजारी इंग्रजी तारीख लिहा. जुन्या निमंत्रणपत्रिकांवर कधी नुसताच शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. म्हणजे शके १८९० मधली माघातली पत्रिका १९६९ ची. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, आणि याच पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी ५६.

कागद कुठे सापडतात

हँडबिले, स्मरणिका, स्पर्धांची प्रमाणपत्रे हे सगळ्यांना सुचते. जमाखर्चाची वही मात्र कोणी उघडत नाही, आणि पडद्यामागच्या माणसांची नावे तिथेच असतात. “मेकअप सामान”, “फ्लॅट वाहतूक हातगाडी”, “लाइट भाडे” यांच्यापुढे पैसे कोणाच्या हाती दिले ते लिहिलेले असते. सभांचे इतिवृत्त, गणेशोत्सव मंडळांचे जुने अहवाल, महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्थांकडचे कागद हेही पाहा. मेळ्यांत आणि गणपतीत केलेली नाटके संस्थेच्या नोंदीत बहुधा नसतात.

सगळ्यांत मोलाची वस्तू प्रॉम्प्टरची प्रत. छापील पुस्तकावर कापलेले संवाद, हालचालींच्या खुणा, प्रकाशाच्या आणि संगीताच्या जागा, बदललेल्या नटांची नावे, कधी समासात तालमीला कोण आले नाही तेही असते. पेन्सिलच्या खुणा खोडू नका, गिरवू नका. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा, पाने क्रमाने सुती दोऱ्याने सैल बांधा. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या पानांचाही, म्हणजे पान राहिले का अशी शंका पुढे उरत नाही. फाटलेल्या कडांना सेलोटेप लावला तर काही वर्षांत चिकट पिवळा डाग पडतो आणि खालची अक्षरे जातात.

घरून कागद मिळवण्यात वेळ फार महत्त्वाची आहे. पहिले तेरा दिवस या विषयावर एक शब्द काढू नये, भेटून यावे एवढेच. पण फार थांबलात तरी सगळे जाते. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत असतात, सुट्टी संपायच्या आत घर आवरतात, आणि फायली रद्दीत जातात. निधनशांत झाल्यावर दहा-पंधरा दिवसांनी, ओळखीच्या माणसाने फोन करावा, तोही असा: “काकू, काकांचे नाटकाचे कागद, फोटो घरात असतील तर रद्दीत देण्याआधी आम्हाला एकदा बघू द्याल का? घरी येऊनच फोटो काढतो, मूळ तुमच्याकडेच राहतील.” “मूळ तुमच्याकडेच” हे पहिल्याच फोनवर सांगावे. कागद नेले आणि परत आलेच नाहीत, असा अनुभव पुष्कळ घरांना आलेला असतो.

फोटो आणि कॅसेटी

फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. पाच बाय सात इंचांचा फोटो मग ३००० बाय ४२०० ठिपक्यांचा होतो आणि दुप्पट मोठा छापला तरी फुटत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला चालत नाही, तो आकसतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, भाजलेल्या कातडीसारखा वरचा थर सुटून येतो. पानासकट स्कॅन केले तरी चालते. मागच्या बाजूला लिहायचे तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन कधीच नको. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लोखंडी कपाटात ठेवलेले फोटो एकमेकांना चिकटतात. कागदी पाकिटे वापरा आणि कपाट अधूनमधून कोरड्या दिवशी उघडे ठेवा.

समूहाच्या फोटोत माणसे ओळखायची असतील तर मोठी झेरॉक्स काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि खाली नावे भरून घ्या. “डावीकडून तिसरा” असे तोंडी लिहून घेतले की मागच्या रांगेत गोंधळ होतोच. झेरॉक्स एका वेळी एकाच घरी न्या, दुसऱ्या घरी कोरी न्या. पहिल्याने लिहिलेली नावे समोर दिसली की दुसरा तीच वाचतो.

ध्वनिफितीत आवाज असतात, म्हणून त्यांना उशीर करू नका. वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिक दात मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटी बिघडतात. ठीक असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून मगच वाजवा. साध्या सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे दहा एमबी होते, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट सहाशे एमबी. एमपी३ वाटण्यासाठी करा, जपून ठेवायला वेव्ह. प्रती तीन हव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी.

ज्येष्ठांना बोलते करायचे तर दुपारच्या झोपेनंतर, एका बैठकीला पाऊण तासापेक्षा जास्त नाही. पंखा बंद, फोन त्यांच्याजवळ उशीवर. “त्यांच्याविषयी काही सांगा” म्हटले की “फार मोठा माणूस” एवढेच येते. “तालीम कोणाच्या घरी व्हायची? पडदा कोण ओढायचं? संवाद विसरले तर काय व्हायचं?” असे विचारा. हातात फोटो द्या. आणि दर वेळी विचारा की यात स्टेजवर न आलेले कोण कोण होते.

मृत्युलेख

दीडशे-दोनशे शब्द पुरे. “काळाच्या पडद्याआड”, “न भरून येणारी पोकळी”, “हरहुन्नरी” हे शब्द काढून टाका आणि उरते ते वाचा. काहीच उरले नाही तर माहिती गोळा झालेली नाही, परत विचारायला जा. “रंगभूषाकार होत्या” यापेक्षा “गोऱ्या नटाला काळसर करताना कानामागे आणि मनगटापर्यंत रंग लावल्याशिवाय सोडत नसत” हे वाचून ती बाई दिसते. पुरस्कार शेवटी. आजारपण लिहू नका. छापण्याआधी घरच्या एका माणसाला वाचून दाखवा.

संध्याकाळ

तारीख निवडताना ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन, लगेच सुचतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याची आठवण म्हणून तो दिवस योग्यच आहे. पण काही वर्षी तो दिवाळीत किंवा तिच्या तोंडावर येतो आणि लोक गावी असतात. तसे झाले तर त्यानंतरचा दुसरा रविवार घ्या. २७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन परीक्षांच्या धामधुमीत सापडतो. पितृपक्षातला रविवार खरे तर उत्तम. हॉल सहज मिळतात, कारण त्या दिवसांत शुभकार्ये नसतात, आणि गेलेल्यांची आठवण घरोघर चालूच असते. मात्र त्या दिवशी कोणाच्या घरचे श्राद्ध नाही ना, हे निकटच्या कुटुंबांना विचारून घ्या.

रवींद्र नाट्यगृहासारखा मोठा हॉल घेऊ नका. शंभर माणसे तिथे तुरळक दिसतात आणि घरच्यांना वाटते, कोणी आलेच नाही. शंभर-सव्वाशे खुर्च्यांची जागा, तळमजल्यावर, पायऱ्या कमीत कमी, स्वच्छतागृह जवळ. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर अशा भागांप्रमाणे गाडीवाल्या तरुणांची नावे ज्येष्ठांपुढे लिहून काढा आणि आदल्या दिवशी फोन करा. येण्याचे सगळे ठरवतात, परत सोडण्याचे कोणी ठरवत नाही.

कार्यक्रम दीड तासाच्या आत. नटराजपूजन, नांदी, नामवाचन, दोन नाट्यप्रवेशांचे वाचन (प्रत्येकी सात मिनिटे), दोन नाट्यपदे, तीन आठवणी (प्रत्येकी चार मिनिटे), भरतवाक्य. शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, स्वागत यांपैकी काहीही नको. पाहुणे उशिरा येतात, सत्कारात पंचवीस मिनिटे जातात आणि मग नावे घाईघाईने वाचली जातात. हे सर्वांत जास्त दिसणारे आणि सर्वांत वाईट बिघडणे आहे.

फोटो सगळे एका आकाराचे, आठ बाय दहा इंच, एकसारख्या चौकटींत. एकाचा मोठा आणि एकाचा पासपोर्टएवढा लावला की मानापमान झालाच. फोटो नसेल त्याच्या चौकटीत त्याचे नाव असलेल्या हँडबिलाची झेरॉक्स लावा. वेगवेगळे हार न घालता सगळ्या चौकटींपुढून शेवंतीची एकच लांब माळ न्या. समई पडद्यापासून दूर, तिच्यावरचा पंखा बंद, जवळ वाळूची बादली. हॉलवाल्यांनी मंचावर ज्योत लावू दिली नाही तर समई प्रवेशद्वाराशी लावा. दिवा लावायला गेलेल्यांच्या पत्नींना, पतींना बोलवा, पण आधी विचारून. भर सभेत नाव पुकारून वर बोलावणे काहींना सोसत नाही. विधवा बाईंनी समई लावू नये असे कोणी पुटपुटले तर ऐकू नका. त्या घरातून नाटकाला माणूस मिळाला तो त्यांच्यामुळे.

नामवाचन

हा कार्यक्रमाचा गाभा. प्रत्येकासाठी एकच वाक्य: नाव, काम, एखादे नाटक किंवा काळ. दहा-पंधरा शब्दांचे वाक्य आणि मधला श्वास धरून मिनिटाला पाच नावे होतात, म्हणजे साठ नावांना बारा मिनिटे. नावे ऐंशीच्या पुढे गेली तर या वर्षी गेलेल्यांचे वाक्य वाचा आणि बाकीच्यांचे नाव आणि काम एवढेच. क्रम मृत्यूच्या सालाप्रमाणे ठेवा. मोठेपणाप्रमाणे लावलेला क्रम प्रत्येक घरी मोजला जातो. पदव्या, “कै.” आणि “स्व.” सगळ्यांना सारखे, नाहीतर कोणालाच नको.

दोन वाचक, एक बाई, एक पुरुष, आळीपाळीने पाच-पाच नावे. जाड कागदावर अठरा पॉइंटात छापा, एकाच बाजूला, पानांवर क्रमांक घाला, टाचणी न मारता फाइलमध्ये ठेवा; टाचलेली पाने माइकवर खरखरतात. वाक्य पान ओलांडणार नाही हे पाहा. आडनावांचे उच्चार आदल्या दिवशी घरी फोन करून विचारा. तोंड माइकपासून वीतभर. वाचकाच्या कागदावर पुरेसा उजेड पडतो का, हे प्रकाशयोजना करणाऱ्याने खुर्चीत बसून नाही, वाचकाच्या जागी उभे राहून पाहावे. टाळ्या वाजवायच्या की नाही हे आधीच जाहीर करा. प्रत्येक नावाला टाळ्या ठेवल्या तर काहींना जास्त, काहींना कमी पडतात; सगळी नावे झाल्यावर सर्वांनी उभे राहून एकदाच टाळ्या वाजवाव्यात, हे रंगकर्मींना शोभणारे आहे.

यादी तीन आठवडे आधी सगळ्यांना पाठवा, “नाव राहिले असेल तर कळवा” असे लिहून. तरी एखादे राहतेच. त्यासाठी वाचकाच्या फाइलमध्ये शेवटी कोरे पान आणि दाराशी वहीसह एक माणूस. तिथे नोंदवलेले नाव त्याच संध्याकाळी वाचले जावे. उलटी चूक फार भयंकर: हयात माणसाचे नाव यादीत येणे. “ते गेले ना हो?” एवढ्यावर कोणाचेही नाव घेऊ नका. घरी फोन झाल्याशिवाय नाव नाही, याला अपवाद नाही.

प्रवेशवाचनाबद्दल कायद्याचे एवढे ध्यानात ठेवा. हौशी संस्थेने तिकीट न लावता प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण तोच प्रवेश यूट्यूबवर टाकायला ती लागू होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात. म्हणून ध्वनिमुद्रण करून फक्त नामवाचनाचा भाग परगावच्या घरच्यांना पाठवा. बाकी लेखी परवानगी आल्यावर.

दुसऱ्या दिवशी दोघांनी वही घेऊन बसावे. चहाच्या वेळी लोक जे सांगून गेले ते तेव्हाच लिहिले नाही तर आठवड्यात विरते: दुरुस्त्या, नवी नावे, “आमच्याकडे एक ट्रंक आहे” असे म्हणणाऱ्यांचे फोन (ते मात्र वेगळ्या कागदावर). ट्रंकवाल्यांकडे त्याच आठवड्यात जा. वही एकाकडे, संगणकावरची प्रत आणि पासवर्ड दुसऱ्याकडे, आणि त्या दुसऱ्याचे वय पहिल्याहून निदान वीस वर्षांनी कमी असावे.